कमानीखालचा पाठमोरा माणूस

रायगड जिल्ह्यातल्या एका घरात, ओटीच्या भिंतीवर, एका फ्रेंच धनगराच्या पाठीचा फोटो फ्रेम करून लावलेला होता. सणावाराला त्याला झेंडूचा हार घालत, पुढे उदबत्ती लावत, घरात गोडधोड झालं तर त्याच्यासमोर वाटी ठेवत. त्या घराचा आणि फ्रान्सचा काही संबंध नाही. संबंध मी जोडला. तो कसा जोडला, हे नीट लिहून देण्याचं काम त्या घरच्या वहिनींनी मला लावलं आहे. त्या म्हणाल्या, "मी तोंडाने सांगायला गेले तर लोक म्हणतील बाईला भ्रम झालाय. तुम्ही मास्तर आहात. तुम्ही लिहा." म्हणून लिहितो.

मी मूळचा चित्रकलेचा शिक्षक. रत्नागिरीकडच्या एका हायस्कुलात मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवायचो. तिथून कतारला, दोह्याला आलो, घरांच्या आतली सजावट करणाऱ्या एका कंपनीत भिंतींवर चित्रं काढायला. बागा, समुद्र, ढग, कारंजी. वहिनींचे यजमान त्याच कंपनीत पीओपीचं काम करायचे. प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसशी आम्हा दोघांचा तोवर आलेला संबंध एवढाच. तो वर छताला नक्षी करायचा, मी खाली रंगवायचो, आणि त्याची पांढरी भुकटी माझ्या ओल्या रंगावर पडायची. ओळख भांडणातून झाली. मग राहायला खोलीही एकच मिळाली. बंक बेडवर खालची जागा त्याची, कारण वरचीला तो पेलला नसता. अंगाने भारदस्त माणूस. दारात पाठमोरा उभा राहिला की खोलीत दिवा लावावा लागायचा.

अल रय्यानमधल्या एका बंगल्याचं काम आम्हाला मिळालं. मालक कतरी गृहस्थ, हसतमुख, दर उन्हाळ्यात युरोपला जाणारे. त्यांना त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बाहेरच्या माणसांना बसवायच्या मोठ्या खोलीत, एक अख्खी भिंत चित्राची हवी होती. कसलं चित्र हे दाखवायला त्यांनी पॅरिसहून आणलेलं एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. पुस्तक एवढं जड की थोड्या वेळाने पाय सुन्न झाले, पण उठवेना.

अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांची ती चित्रं. पुढे मी त्यांच्याबद्दल जमेल तसं वाचलं. ही मंडळी रोमला जायची, पडक्या इमारती बघून वह्या भरायची, आणि परत आल्यावर त्या वह्यांतून नव्या इमारती जुळवायची. इथलं देऊळ, तिथला पूल, मागे एक पिरॅमिड, बाजूला घोड्यावरचा पुतळा, सगळं एका चौकटीत, एकाच उन्हात. अशी जागा पृथ्वीवर कुठेही नाही. तरी प्रत्येक दगड नीट झिजलेला, भेगेतून झुडूप आलेलं, कमानीच्या माथ्यावर गवत. एकाने तर आपल्या डोळ्यांसमोर धडधाकट उभ्या असलेल्या राजवाड्याचं दालन पडल्यावर कसं दिसेल तेही काढून ठेवलं होतं. आणि या सगळ्याच्या पायथ्याशी काडेपेटीतल्या काडीएवढी माणसं. बायका कारंज्यात कपडे धुताहेत. देवळाच्या दोन खांबांमध्ये दोरी बांधून ते वाळत घातलेत. कोणी गाढवाला पाणी पाजतोय. त्यांच्यापैकी एकालाही आपण कसल्या थोर ठिकाणी आहोत याची कल्पना नाही. इमारत खोटी, माणसं खरी, असं मला वाटलं. मग वाचलं की माणसंही कित्येकदा ठरावीकच असत. कधी इमारत एकाची असे आणि माणसं दुसराच चित्रकार येऊन काढून जाई.

माझ्या मित्राने पुस्तक माझ्या खांद्यावरून बघितलं.

"मास्तर, एवढ्या मोठ्या देवळात ही बाई चड्ड्या वाळत घालतेय. हिला कोणी हटकत नाही?"

"हटकणारे मेले. म्हणून तर देऊळ पडलंय."

"मग बरं आहे. जागा ऐसपैस आहे."

मालकांची एकच अट होती. माणसं नकोत. मजलिसमध्ये वेळेला नमाजही होई, तिथे चेहरे त्यांना चालत नव्हते. त्यांचं घर, त्यांचा नियम. मी पानावर चौकोन पाडले, भिंतीवर चौकोन पाडले, आणि एका पानावरची मोठी कमान, तिच्यामागचं देऊळ, पूल, कारंजं, सगळं भिंतीवर नेलं. माणसं तेवढी वगळली. पुस्तकात जिथे धोबिणी होत्या तिथे दगड काढले.

चित्र पूर्ण झालं तेव्हा मालक समोर बसले, उठले, दाराशी जाऊन बघितलं, परत बसले.

"रस्साम," ते मला म्हणाले. चित्रकाराला अरबीत तेच म्हणतात. "ये छोटा क्यों है?"

भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. छोटं व्हायला जागाच नव्हती. पण छोटंच दिसत होतं. ती कमान उंदराच्या बिळासारखी दिसत होती, आणि देऊळ गणपतीच्या मखरासारखं. मी खजील झालो, कारण चूक मला माहीत असायला हवी होती. शाळेत मी मुलांना हेच शिकवायचो, की डोंगराशेजारी एक माणूस काढा, नाहीतर तो डोंगर आहे की कणकेचा गोळा हे परीक्षकाला कळणार नाही. खरी इमारत असली तर तिची उंची कोणाला तरी ठाऊक असते. ही कुठे नव्हतीच. तिला मोजायला त्या काडीएवढ्या माणसांखेरीज जगात काहीही नव्हतं, आणि ती मी काढून टाकली होती.

मालकांना हे समजावलं. त्यांनी विचार केला आणि तोड काढली. माणसं येऊ दे, पण पाठमोरी. गाढवाचं काय, असं मी विचारलं. तेही पाठमोरं.

अशी सगळी चित्रातली प्रजा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दोन धोबिणी, एक गाढव, काठीवर रेललेला एक सडपातळ धनगर, हे पुस्तकातले. पण पुस्तकातली बहुतेक माणसं समोर बघणारी होती, आणि कमानीच्या डाव्या अंगाला एक ठसठशीत माणूस हवा होता. मी मित्राला म्हटलं, जरा उभा राहा. तो खांद्यावर पंचा टाकून उभा राहिला.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतोय? पाठीला खाज सुटलीय ती हलतेय."

"फ्रेंच माणसासारखा उभा राहा."

"ते कसे राहतात?"

ते मलाही माहीत नव्हतं. तो राहिला तसाच काढला, पंच्यासकट, वीतभर उंचीचा. आणि खरं सांगतो, त्याला काढल्याबरोबर कमान वर गेली. भिंत तीच, रंग तोच, पण तिच्याखालून आता हत्ती गेला असता. मालक खूश होऊन म्हणाले, "तैयब, तैयब." मित्राने त्याच दिवशी घरी फोन करून सांगितलं की आपण आता महालात उभे आहोत.

नंतर एका संध्याकाळी मालकांनी भिंत दाखवायला पाहुणे बोलावले. कामाची माणसं म्हणून आम्हालाही थांबवून घेतलं, गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, दिला. पाहुण्यांनी माझी तोंडभर स्तुती केली. एकाने तर विचारलं की असा महाल तुम्ही कुठे बघितलात. मी काही बोलायच्या आत माझा मित्र हिंदीत म्हणाला, "बिल्डिंग तो सब किताब का है, मास्तरने खाली बड़ा किया. इसमें ओरिजिनल बोले तो मेरा पीठ!" आणि वळून, पंचा टाकून, तसाच उभा राहून दाखवलं.

लोक इतके हसले की मालकांच्या हातातला गहवा सांडला. मीही हसलो. खोलीवर गेल्यावर त्याने विचारलं, "रागावला नाहीस ना रे?" मी म्हटलं, छे.

पुढच्या कामाला कंपनीने त्याला दुसऱ्या जागी पाठवलं. मी वार्निशच्या आधीची बारीकसारीक डागडुजी करायला एकटा बंगल्यावर गेलो. कमानीखाली त्याची पाठ होती. मी तिच्यावर एक तुटका खांब काढला. खाली चौथरा, मध्ये भेग, वर पडलेल्या माथ्याचा कंगोरा, मुळाशी थोडं गवत. असा खांब पुस्तकात कुठल्याही पानावर नव्हता. तो मी माझ्या डोक्याने रचला आणि चांगला जमला. धनगर आणि धोबिणी होत्याच, त्यामुळे कमान पुन्हा लहान झाली नाही. चित्राचं काही बिघडलं नाही, हे मला आजही कबूल करावं लागतं.

मालकांच्या मात्र ध्यानात आलं. "मोटा किधर?" त्यांनी विचारलं.

"कॉम्पोझिशन," मी म्हटलं. या शब्दापुढे शिकलेला माणूससुद्धा गप्प होतो. तेही झाले.

त्या बंगल्यात मित्राला पुन्हा जायचं कारण पडलं नाही. पण तो विसरलाही नाही. कपडे वाळत घालताना, डाळीला फोडणी देताना, मध्येच विचारायचा, "मास्तर, मी उभा आहे ना अजून?"

"आहेस की. जातोस कुठे."

"मालक बदलला तरी आपण हलायचं नाही."

असं आम्ही वर्षानुवर्षं बोललो. पहिल्या वेळी मी खोटं बोललो. नंतरच्या वेळी नुसता तेच वाक्य म्हणत होतो, नमस्काराला नमस्कार म्हणावा तसं.

पुढे माझे गुडघे शिडीला नाही म्हणू लागले, तेव्हा मला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर काम मिळालं. दोह्याशेजारचं लुसैल हे नवं शहर तेव्हा वाळूच होतं. बांधकामाभोवतीच्या पत्र्यांवर भावी इमारतींची मोठी चित्रं लावत, ती आम्ही करायचो. इमारत तयार झाली की साहेब म्हणायचा, "आता माणसं टाका." माणसांचा एक ठरलेला साठा होता. पर्स घेतलेली एक बाई, मुलाला खांद्यावर घेतलेला बाप, फोनवर बोलणारा एक गोरा. तीच बाई मी ऑफिसच्या टॉवरखाली चालवली, मॉलपुढे चालवली, समुद्रकाठी चालवली. कोणी ओळखली नाही. अठराव्या शतकात जे चालायचं ते अजून चालतं, एवढं मला त्या कामातून कळलं. माणसं टाकणं आणि काढणं यांत माझा हात चांगला बसला होता.

मित्र सुट्टीवर गावी गेला आणि तिथेच हृदयविकाराने गेला. सुट्टी मिळाल्यावर मी भेटायला गेलो. ओटीवर माणसं बसली होती. सांत्वनाची जी वाक्यं असतात ती सगळी माझ्याआधी आलेल्यांनी बोलून झाली होती. मित्राची मुलगी, तेव्हा कॉलेजात होती, कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती, कारण मी तिच्या बापाबरोबर तिच्यापेक्षा जास्त राहिलो होतो. काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "तो गेलेला नाही. तिकडे अल रय्यानला कमानीखाली उभा आहे. मी स्वतः काढलाय. भिंत पडेपर्यंत राहील." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मुलगी उठून माझ्यासाठी चहा घेऊन आली. चहा चांगला होता, मी आणखी अर्धा कप मागून घेतला.

गोष्ट तिथे संपली असती. पण मुलगी फिजिओथेरपिस्ट झाली, लग्न करून नवऱ्याबरोबर दोह्याला आली आणि घरोघर जाऊन रुग्णांना व्यायाम द्यायचं काम करू लागली. मीही आता म्हातारा होऊन अल सद्दला मुलाकडे राहतो. ती येऊन जाऊन असायची. मला काका म्हणायची, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची, तिच्या बाबांच्या गोष्टी विचारायची. मी सांगायचो. त्यातल्या पुष्कळ खऱ्या होत्या.

एक दिवस तिचा फोन आला. "काका, ओळखा मी कुठे आहे."

"कुठे?"

"बाबांच्या समोर."

अर्धांगाचा झटका आलेले एक वृद्ध गृहस्थ तिच्याकडे नवे रुग्ण म्हणून आले होते. त्यांच्या मजलिसमध्ये पाऊल टाकल्याबरोबर तिने कमान ओळखली. लहानपणी फोनवर ऐकलेली कमान. तिने लगेच फोटो पाठवला, त्यात धनगराच्या पाठीभोवती लाल गोल काढलेला. खाली लिहिलं होतं, "हेच ना? खांद्यावरून ओळखले."

मी फोन हातात घेऊन बसलो. नाही असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मी नमस्काराचे दोन हात पाठवले. मोबाइलवरचे ते हात कशालाही चालतात.

तिने फोटो आईला पाठवला. वहिनींकडे नवऱ्याचा दुसरा फोटो म्हणजे पासपोर्टचा, मोठा केलेला, ज्यात तो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसे. त्यांनी तो काढून आतल्या खोलीत नेला आणि ओटीवर हा लावला. वाडीतल्या लोकांनी विचारलं, हे पाठ फिरवून का उभे आहेत? वहिनी सांगायच्या, तिकडे तशी रीत आहे, मास्तरांनी काढलंय. हार घातलेला फोटो मुलीने मला दाखवला. फ्रेंच माणसाच्या पाठीवर झेंडूचा हार. प्रमाण बिघडलं होतं, एकेक फूल त्याच्या डोक्याएवढं.

"आई म्हणते, किती वाळले होते तिकडे," मुलगी म्हणाली. "तुम्ही दोघं जेवत नव्हतात की काय?"

मी म्हटलं, जेवत होतो.

मग तिने धोशा लावला की काका, तुम्ही एकदा माझ्याबरोबर चला. मालकांच्या घरच्यांनी परवानगी दिलीय. तुम्ही भिंतीजवळ उभे राहा, मी बाबांबरोबर तुमचा फोटो काढते, आईला हवाय. मी गुडघे पुढे केले. मग डोळ्यांतले थेंब पुढे केले. तिचा धंदाच गुडघ्यांचा, तिने ऐकलं नाही. शेवटी एका सकाळी ती खाली गाडी घेऊन उभी राहिली. गाडीतच सांगून टाकायचं असं मी जिन्यातच ठरवलं होतं. अल रय्यान येईपर्यंत मी तिला वार्निशचे प्रकार समजावले.

मालक चाकाच्या खुर्चीत होते. उजवी बाजू गेलेली, वाचा थोडी परत आलेली, एका दमात एकच शब्द. मला बघून म्हणाले, "रस्साम." मी त्यांचा डावा हात हातात घेतला. भिंत जागेवर होती. थोडी पिवळी पडली होती, ती तिला शोभत होती.

"हे बघा बाबा," मुलगी म्हणाली आणि धनगराशेजारी उभी राहिली. "काका, या इकडे."

मालकांनी डावा हात उचलला. धनगराकडे नाही. कमानीच्या डाव्या अंगाला, खांबाकडे. "मोटा," ते म्हणाले.

"काय म्हणतात ते?"

मालकांनी जोर लावला. "किधर?"

त्या माणसाचं अर्धं अंग गेलं होतं, पण मोटा लक्षात राहिला होता. मला पुन्हा कॉम्पोझिशन म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलाही. पण ती मुलगी त्या धनगराशेजारी अशी उभी होती, बापाशेजारी उभं राहावं तशी, की मला तो शब्द उच्चारता येईना.

"तो तुझा बाबा नाही," मी म्हटलं.

तिने धनगराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग हा कोण?"

"फ्रेंच आहे. पुस्तकातला. धनगर असावा, हातात काठी आहे."

"आणि बाबा?"

"त्या खांबाच्या जागी."

"जागी म्हणजे?"

"खाली. रंगाच्या खाली."

"कोणी केलं?"

"मी."

मग मी पाहुण्यांची संध्याकाळ सांगितली. बापाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मालक आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण विषय कळला असावा.

"एवढ्यावरून?"

"एवढ्यावरून."

"आणि मग आमच्या ओटीवर बसून..."

"हो."

"मी चहा आणून दिला तुम्हाला."

"हो."

ती खांबापाशी गेली. रुग्णाचं हाड चाचपावं तशी खांबावर बोटं फिरवून बघत होती. मग तिने फोन काढला आणि आईला व्हिडिओ लावला. मी म्हटलं, मी नंतर सावकाश सांगेन त्यांना. ती म्हणाली, "तुम्ही सावकाश सांगता ते बघितलं आम्ही." आणि फोन माझ्या हातात दिला.

वहिनी ओटीवरच होत्या. त्यांच्या डोक्यामागे फ्रेम दिसत होती.

"बोला भावजी. पोचलात का त्यांच्यापाशी?"

मी सांगितलं. मधे त्या एकदाही बोलल्या नाहीत, त्यामुळे मला वाटलं की फोन बंद पडला आणि अर्धं मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं ते," त्या म्हणाल्या. मग मागे वळून फ्रेमकडे बघितलं. "म्हणजे हे आपले नव्हेतच."

"नव्हेत."

"दिवाळीला याच्यापुढे करंज्या ठेवल्या मी."

त्या पुन्हा फोनकडे वळल्या.

"माझ्या सासूबाई रोज सकाळी उठून याच्या पाया पडतात. आईने मुलाच्या पाया पडू नये म्हणून मी सांगून थकले. आता त्यांना काय सांगू? पाहुणे होते म्हणून?"

"वहिनी, चुकलं माझं."

"ते झालंच." त्यांनी पदर सावरला. "हा उतरवते. हार सकाळीच घातलाय, तो सुकू दे, मग उतरवते. घरी आलेल्याला असं अर्ध्यातून उठवत नाहीत. तो खांब दाखवा मला."

मी फोन खांबासमोर धरला. मुलीने तो माझ्याकडून घेतला आणि स्थिर धरला. वहिनींनी तोंड पडद्याच्या अगदी जवळ आणलं होतं, त्यामुळे आम्हाला नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं.

"याच्या खाली आहेत?"

"हो."

"पुसून टाकून वर काढलंत, की तसेच ठेवून?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत मी स्वतःला विचारला नव्हता. "तसाच ठेवून," मी म्हटलं. "पुसला नाही. वरून काढला."

"पंचा आहे?"

"आहे."

"मग आहेतच की ते," त्या म्हणाल्या.

मुलगी माझ्याकडे वळली. "काका, हे निघेल का? खरवडून?"

मी जवळ गेलो. दोन्ही थर एकाच जातीच्या रंगाचे, वर वार्निश. वरचा थर निघाला तर खालचा बरोबर येण्याचीच शक्यता जास्त. पण वार्निश खांबाच्या भेगेपाशी थोडं सुटलं होतं, आणि तिथे नख लागेल असं वाटलं. भेग बरोबर त्याच्या उजव्या खांद्यावर होती. नुसता खांदा मोकळा झाला असता तरी तिला काही दाखवता आलं असतं. "बघतो," मी म्हटलं आणि अंगठ्याचं नख लावलं.

"भावजी!"

फोनमधून आलेला तो आवाज ऐकून मालकसुद्धा दचकले.

"हात लावू नका. एकदा लावलात तेवढा पुरे झाला."

मी हात खाली घेतला. वहिनींनी मुलीला सांगितलं की त्या खांबाचा चांगला उजेडात एक फोटो काढ, फ्रेमवाल्याकडे टाकते, आणि मला सांगितलं की तुम्ही हे सगळं लिहून पाठवा, काही वगळू नका. मुलीने फोटो काढला. फोटोत मी येत होतो म्हणून मला बाजूला व्हायला सांगितलं. मग ती मालकांच्या खुर्चीपाशी गेली, खाली बसली, त्यांचा उजवा हात मनगटाशी धरून हळूहळू वर नेऊ लागली. मी दाराजवळच्या बैठकीवर बसून राहिलो. व्यायाम संपल्यावर ती म्हणाली की तिला अजून एक रुग्ण आहे, दुसऱ्या दिशेला. मी म्हटलं, मी जातो माझा.

बाहेर ऊन फार होतं. टॅक्सी मिळायला वेळ लागला.